नऊ बेरजेचा डबा

आमच्या स्लॅबवर एक पांढरा डबा हाय. जेवनाच्या ताटाएवढा, लोखंडी पायपाला आवळलेला, तोंड टेकडीकडं. टेकडीवर टावर हाय, आन टावरवर ह्याचाच थोरला भाऊ. ह्यानं त्याच्याकडं बघायचं, त्यानं ह्याच्याकडं, आन मधल्या हवेतून नेट येतं. वायर नाय, खांब नाय. आमचं गाव करमाडपासून आत. इथवर वायर कुनी आनत नाय, आन मोबाईलची रेंज उंबऱ्यापर्यंत येती आन लाजून माघारी जाती. म्हनून हा डबा.

बसवला तो सुनंसाठी. माझा लेक चार वर्साखाली जालना रोडवर गेला. तवापासून घरात आमी दोघीच. एक म्हस, दीड एकर रान, आन सुनंचं शिक्षन. ती गनित शिकलेली हाय. सांजच्या पाचपासून आठपर्यंत आतल्या खोलीत टेबलाशी बसती, कानाला ते लावती, आन कुठल्या कुठल्या शहरातल्या पोरांना गनित शिकवती. काही पोरं तर अशा देशात हायेत की आपली सांज ती त्यांची सकाळ. ही शिकवनी देनाऱ्या कंपनीचा मानूस तिनं डोळ्यानं पाह्यला नाय, म्याबी नाय. पन घर त्याच्यावर चालतं. रानावर चालत नाय, आन म्हशीवर तर म्हसबी चालत नाय.

हे धड चाललं व्हतं. आखाड लागला आन बिघडलं. शिकवता शिकवता पडद्यावरचं पोर थिजायचं. तोंड उघडं ते उघडंच. हिचा आवाज तिकडं तुकड्या तुकड्यानं जायचा. "आलं का ऐकू? आता आलं का?" एवढंच गनित ती तासभर शिकवायची.

कंपनीचा कायदा असा, की तास सारखा तुटला तर आधी एक ताकीद, मंग दुसरी, आन तिसऱ्यांदा ती पोरं दुसऱ्या बाईच्या पदरात. सुनंला पहिली ताकीद आली तवा तिनं मला सांगितलं नाय. दुसरी आली ती मला तिच्या पुन्याच्या भावाच्या फोनमुळं कळली. तो तिला म्हनत व्हता, "ताई, दुसरी ताकीद आली ना? तिथं काय ठेवलंय आता? इकडं ये. इथं नेट भिंतीतून येतं." त्याचा आवाजच एवढा की मला चुलीपाशी ऐकू आलं.

मला त्यानं काय इचारलं नाय. इचारायचं कारनबी नव्हतं. ती जाते म्हनली असती तर तिची ट्रंक म्या उचलून गाडीत ठिवली असती. जवान बाई हाय, तिला तिचं आयुष्य हाय. पन मानसानं जायचं तर मनानं जावं. ताटाएवढ्या डब्यापायी घर सोडायचं, हे मला पटंना.

तर नेटवाल्याला बोलावलं. त्याचं करमाडला दुकान हाय. मोबाईलची कव्हरं विकतो आन गावोगाव हे डबे बसवतो. बोटात चार अंगठ्या, गळ्यात वळखपत्र. वळखपत्र त्याच्याच दुकानाचं, सही त्याचीच. ह्याला स्वतःची वळख कुनाला द्यायची असती देव जाने.

डबा बसवायच्या दिवशी ह्यानं मला हौसेनं सांगितलं व्हतं, "आज्जी, हवेत रस्ते असत्यात. प्रत्येक रस्त्याला आकडा. तुमचा रस्ता मी एकदम व्हीआयपी लावलाय. अठ्ठावनशे पाच. करा बेरीज."

म्या दुसरी शिकले. अक्षरं विसरले, आकडे नाय विसरले. पाच आन आठ तेरा, तेरा आन पाच अठरा. एक आन आठ, नऊ.

"नऊ!" म्हनला, जसं काय नऊ त्यानंच पैदा केला.

आमच्याकडं नऊचं लई येड हाय. मोटारसायकलचा नंबर नऊ बेरजेचा पायजे, ट्रॅक्टरचा पायजे, मोबाईलचा पायजे. नऊला कितीनंबी गुना, बेरीज नऊच येती, म्हनून तो आकडा मरत नाय म्हनं. मानसं मरत्यात त्याचं काय नाय. पन खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मलाबी बरं वाटलं. फुकटात शुभ मिळालं तर कोन नको म्हनतं.

तर हा आला, वर चढला, डोळ्यावर हात धरून चारी दिशेला बघितलं. जहाजावरचा कप्तान जसा. मंग म्हनला, "आज्जी, लिंब आडवा येतोय. पानात वेव्ह अडकत्यात."

"आरं बाबा, डबा म्होरं बघतोय. लिंब मागं हाय."

"वेव्ह सगळीकडून येत्यात आज्जी. तुम्हाला नाय कळनार."

मला नाय कळनार, व्हय. लिंब सासऱ्यानं लावलेला. अर्धा तोडला. खाली म्हस बांधायचो, तिची सावली गेली, ती उन्हात जीभ काढून उभी राहू लागली. आन सांजच्याला नेट व्हतं तसंच. त्याला फोन केला तर म्हनला, अजून चार फांद्या काढाव्या लागतील. म्या म्हनलं, आता तुझ्या घरापुढचा तोड.

दुसऱ्या खेपंला म्हनला, उंची कमी पडतीय. दहा फूट पायप वाढवला. तीन बाजूनं तार वढली, विटा ठिवल्या, खाली उतरून हात झटकले. "आता डायरेक्ट मुंबई दिसंल." म्या म्हनलं, मुंबई नको, टेकडी दिसली तरी बास.

त्या सांजंपासून दुप्पट तुटायला लागलं. आधी दहा मिनिटाला पोर थिजायचं, आता दोन मिनिटाला. शेजारीन म्हनली, उंचावर नजर लागली. काळी बाहुली बांधा. सुनंनं हात जोडले तिला.

तिसऱ्या खेपंला आला तो तोऱ्यातच आला. लॅपटॉप उघडला, टकटक केलं, म्हनला, "पावर वाढवली. फुल्ल. आता दुसऱ्या कुनाचा आवाज टिकनार नाय." जाता जाता त्याची नजर रानाकडं गेली. डुकरं येत्यात म्हनून मकाला तारंचं कुंपन हाय, त्याला झटक्याची मशीन जोडलेली. डुकराचं थोबाड लागलं की टिचकन झटका बसतो, मरत नाय, पळतं. "हेच!" म्हनला. "हीच मशीन करतीय सगळं. बंद करा."

मशीन तर तीन वर्सापासून व्हती. नेट बिघडलं आखाडात. म्या बोलले तर म्हनला, "आज्जी, तुम्ही इंजनियर हायेत का मी?"

"तूबी नायस," म्हनलं. पन सुनंचा चेहरा बघितला आन बंद केली. तीन दिवस बंद ठिवली. नेटला काय फरक पडला नाय. डुकरांना पडला. मकाचा वरचा पट्टा असा झोपवला जसा कुनी लाटन्यानं लाटला. सकाळी म्या बांधावर बसून बघितलं. रडू आलं नाय. रडायचं ते मागंच झालंय, आता डुकरापायी कोन रडतं. उठले, मशीन चालू केली, पडलेली कनसं म्हशीला घातली.

त्या हप्त्यातच भावाचा परत फोन. "रविवारी पिकप घेऊन येतो. सामान बांधून ठेव." सुनंनं व्हय म्हनलं नाय, नाय म्हनलं नाय. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातल्या वह्या काढल्या आन एका पिशवीत भरल्या, आन परत कपाटात ठिवल्या, पिशवीसकट. 

पोळा आला. आमची बैलं तर कवाच गेली, पन पुरन करतोच. त्या दिवशी गावात कुनी सांजचं दूध घालत नाय, घरीच ठिवत्यात, डेअरीला कुलूप. मला काम नव्हतं. रोज मी साडेसहाला चरवी घिऊन डेअरीला जायची ते साडेसात वाजता माघारी. तिथं रांग असती, माप असतं, फॅटची मशीन असती, आन बायांच्या गप्पा असत्यात. म्हनून सुनंचं नेट तुटतं कसं हे म्या कवा नीट बघितलंच नव्हतं. मी घरी आले की ती कपाळाला हात लावून बसलेली दिसायची, एवढंच. त्या दिवशी मी ओट्यावर बसले आन आतून तिचा आवाज येत व्हता. तिच्या पोरांना कुठला पोळा! ती शिकवत व्हती. पाऊन तास गेला, तास गेला, एकदाबी "आलं का ऐकू" नाय. आठ वाजता बाहेर आली तर तोंडावर हसू.

"आत्या, आज एकदाही नाही तुटलं."

"बैलाचा आशीर्वाद," म्या म्हनलं. पन डोक्यात दुसरंच घुमत व्हतं.

जेवताना इचारलं, "रोज तुटतं ते कवापासून कवापर्यंत?"

ती म्हनली, "सव्वासहा-साडेसहाला सुरू होतं. साडेसात-आठला थांबतं. तुम्ही डेअरीला जाता तेवढाच वेळ. मी गमतीनं म्हणायचे पण, की आत्या घराबाहेर पडल्या की नेटही पडतं त्यांच्या मागं."

"आन सकाळी?"

"सकाळी मी कुठं बसते?"

माझा घास तसाच राह्यला. आज काय काय नव्हतं? मी घरी व्हते. आन डेअरी बंद व्हती.

डेअरीच्या पत्र्यावर एक पांढरा डबा हाय, आमच्यासारखाच. रोज बघायची, पन बघून न बघितल्यासारखं. डेअरीच्या चेअरमननं आखाडातच आत क्यामेरा बसवला व्हता. कोन कसलं दूध घालतंय, माप घेनारा गडी कुनाला झुकतं माप देतोय, हे त्याला मळ्यात खाटंवर पडून मोबाईलवर बघायचं असतं. त्याचा मळा आमच्या घराच्या पलीकडं. म्हंजी डेअरीवरच्या डब्याचं तोंड आमच्याच बाजूला, आमच्या डोक्यावरून मळ्याकडं. आन डेअरीचं शटर उघडलं की मेन बटन चालू, शटर पाडलं की बंद.

आन तो डबा बसवला कुनी? चार अंगठ्यावाल्यानं. म्हंजी तिथंबी त्यानं नऊचाच रस्ता लावला असनार.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला सुनंला म्हनलं, तुझा एक तास साडेसहाला सुटतो ना, तर मधल्या सुट्टीत लॅपटॉप आन फोन घिऊन उंबऱ्यात बस, मी डेअरीतून लावते. चरवी घिऊन गेले. रांगेत चार बाया व्हत्या. माप घेनाऱ्याला म्हनलं, "तुझ्या क्यामेऱ्याचं आन वरच्या डब्याचं बटन कुठलं?"

"ते बघा, लाल. काहून?"

म्या काढलं. सरळ पिनच उपसली. गड्याचा चेहरा दुधासारखा झाला. "काकू! चेअरमन बघतेत!"

"आता नाय बघत," म्हनलं.

फोनवर सून, "आत्या, आलं! स्वच्छ आलं!"

पिन घातली. मिनिटभर थांबले. "गेलं आत्या. थिजलं."

काढली. "आलं."

घातली. "गेलं."

रांगेतल्या बायांना काय चाललंय कळंना. एक म्हनली, "काकूच्या अंगात आलं का काय?" दुसरी म्हनली, "अंगात नाय, बटनात आलंय."

पाचव्या खेपंला चेअरमन फटफटीवर आला. पायात एकच चप्पल, एवढी घाई. "कोन क्यामेरा बंद करतंय? काकू, तुमी? दुधात पानी घालायचंय का काय?"

"पानी कुठं हाय चेअरमन? नळाला आठव्या दिवशी येतं. प्यायला पुरंना, दुधात कुठून घालू?"

बाया हसल्या. तो नाय हसला. म्या त्याला सगळं सांगितलं. सून, तिची पोरं, दोन ताकिदी, पोळ्याची सांज. सांगून म्हनलं, "तुमच्या डब्याचा हवेतला रस्ता तेवढा बदला. मशीन तीच राहती, आकडा बदलायचा. पाच मिनिटाचं काम."

"आकडा कोनचा हाय?"

"नऊ बेरजेचा असंल. अठ्ठावनशे पाच."

त्यानं फटफटीच्या नंबरवर हात ठिवला, तुळशीवर ठिवतात तसा. "काकू, ही नऊ. जीप नऊ. मोबाईल नऊ. मी नेटवाल्याला सांगूनच नऊ लावून घेतलाय. डेअरी नऊवर चालतीय म्हनून बरकत हाय. मी नाय बदलनार. तुमी बदला."

बरकत म्हनं. मागल्या उन्हाळ्यात ह्याच डेअरीचं अर्धं दूध नासून गटारात वतलं, तवा नऊ कुठं गेला व्हता? पन म्या वाद घातला नाय. ज्याला मोबाईलमधी म्हशीचं दूध बघायला लागतं त्याच्याशी काय वाद घालायचा.

नेटवाल्याला फोन केला. आधी म्हनला असं व्हतच नसतं. मंग म्हनला व्हतं, पन आपल्याकडनं नाय. मंग सुनंनं फोन घेतला. ती कवा आवाज चढवत नाय, त्या दिवशीबी नाय चढवला. म्हनली, "दोन्ही डबे तुम्हीच बसवले. दोन्ही एकाच आकड्यावर, एकमेकांच्या तोंडावर. आम्ही बटन काढून पाच वेळा तपासलंय. आता टॉवरवाल्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

रविवारी सकाळी तो आला आन संगट टावरचं काम बघनारा मिस्त्री आनला. हर्सूलचा. पिकलेली दाढी, डोळ्याला जाड भिंगं, हातात लॅपटॉप आन जुना पान्हा. आयुष्यभर आधी रेडिओ, मंग टीव्ही, मंग डिशच्या छत्र्या दुरुस्त केलेला मानूस. लिंबाकडं बघून म्हनला, "ये किसने काटा?" नेटवाला दुसरीकडं बघू लागला.

मिस्त्री वर चढला, लॅपटॉप मांडीवर घेतला, आमच्या डब्याला हवा हुंगायला लावली. मला म्हनला, "अम्मा, इधर आओ. देखो." पडद्यावर रेघांचे डोंगर. एका जागी एवढा उंच ढीग की वरनं कापल्यासारखा. बाकी सगळं सपाट रान.

"हे काय?"

"ये तुमचा नऊ, अम्मा. टावर नऊवर, डेअरी नऊवर. पल्याडच्या गावातली कोंबड्याची शेड नऊवर, पेट्रोल पंप नऊवर. जिसको देखो नऊ. सगळा बाजार एकाच पारावर भरलाय. आन इसने," नेटवाल्याकडं पान्हा दाखवला, "पायप वाढवून तुम्हाला भीडच्या बीचोंबीच बसवलं. आधी बाजूच्या शाळेच्या भिंतीची आड तरी थी. फिर पावर बढायी. मंग ते लोक भी बढाते. सब चिल्लाते, कोई नहीं सुनता."

हे मला सांगायला लागत नव्हतं. नवरा गेला तवा लेक कडेवर घिऊन म्या दोन वर्सं माहेरी काढली. पाचोडच्या बाजारात मिरची घिऊन बसायची. शेजारी एक चादरवाला बसायचा, त्याच्याकडं भोंगा. मी आपली "मिरची, मिरची" वरडायची, तो भोंग्यातून मला गाडायचा. घसा बसला, मिरची तशीच माघारी. दुसऱ्या बाजारी म्या वरडलेच नाय. गाठोडं उचललं आन गुरांच्या बाजाराकडं, जिथं कुनी बसत नव्हतं, तिथं जाऊन बसले. शेनाचा वास हाय म्हनून तिथं कुनी बसत नव्हतं. दुपारपर्यंत गाठोडं रिकामं. हे एका अडानी बाईला विशीत कळलं. चार अंगठ्यांना अजून कळलं नाय.

"रिकामी जागा कुठं हाय मंग?" म्या इचारलं.

मिस्त्रीनं सपाट रानात बोट ठिवलं. "सत्तावनशे पन्नास. एकदम खाली. परिंदा नहीं."

पाच आन सात बारा, बारा आन पाच सतरा. एक आन सात, आठ.

नेटवाला एकदम म्होरं आला. "नाय नाय, आठ नको. आज्जी, आठ शनीचा. कुनी घेत नाय. मी आजपर्यंत एकाबी गिऱ्हाइकाला आठ दिला नाय."

मिस्त्री हसला. "इसीलिए तो खाली है." मंग मला म्हनला, "हमारे लोग सातशे शहाऐंशी ढूंढते, तुमचे लोग नऊ. हवेला दोन्ही भाषा येत नाहीत अम्मा."

सून जिन्यात उभी व्हती. ती हसली नाय. मला ठावं व्हतं काहून.

माझ्या लेकाच्या मोटारसायकलची बेरीज आठ व्हती. तो गेला तवा तेराव्याला मांडवात बसून लोकांनी हेच केलं. आकड्यात आकडे मिळवले. "नंबरच आठचा. घेतानाच सांगायला पायजे व्हतं." हे तिच्या कानावर घातलं, कारन गाडी तिनं पसंत केलती. चार वर्सं झाली, गावात तिला बघून अजून एखादी बाई बोटं मोडून बेरीज करती. पन जालना रोडवर जी उसाची ट्रॉली बिनलाईटची उभी व्हती, तिची बेरीज कुनी केली नाय. करनार कशी? त्या ट्रॉलीला नंबरच नव्हता.

म्या काय सांगायच्या आत तीच बोलली. "लावा."

"वहिनी, इचार करा," नेटवाला म्हनला. "टावरला आठ लावला की ह्या बाजूची सगळी घरं आठवर जानार. लोकं मला जोड्यानं मारतील."

"त्यांना सांगू नका," सून म्हनली. "नऊ आहे असंच त्यांना वाटू द्या. चालायला लागलं की कोणी बेरीज करत नाही."

मिस्त्रीनं दोन-चार टिचक्या मारल्या. आमच्या डब्याचा दिवा गेला. तो हुडकीत बसला, हुडकीत बसला, आन आला. मंग त्यानं पावर कमी केली, आन नेटवाल्याला म्हनला, "पायप उतारो. तूने चढाया, तूही उतार." त्यानं भर उन्हात दहा फूट पायप उतरवला. अंगठ्या टोचत व्हत्या, दिसत व्हतं. म्या खाली बसून बघितलं. मिस्त्रीला च्या दिला, नेटवाल्यालाबी दिला. साखर त्याच्यात कमी पडली असंल, मला आठवत नाय.

पाचच्या सुमाराला पुन्याचा भाऊ पिकप घिऊन आला. मागं ताडपत्री, दोरखंड, सगळी तयारी. ओट्यावर बसला, इकडं तिकडं बघत. "मावशी, सामान दिसत नाही कुठं?"

"सामान घरातच असतं," म्हनलं.

सून बाहेर आली, म्हनली, "आठला माझा तास संपतो. मग बोलू. तोपर्यंत बस." आन आत गेली, दार लोटून घेतलं.

साडेसहाला मी चरवी उचलली. जावंसं वाटत नव्हतं. इथंच बसून ऐकावं असं वाटत व्हतं. पन म्हशीला सांगता येत नाय की आज दूध धरून ठिव. डेअरीला गेले. शटर वर, लाल बटन चालू, क्यामेऱ्याचा दिवा लुकलुक. चेअरमनचा नऊ जोरात. माप घेनारा मला बघून बटनाला आडवा उभा राह्यला. "काकू, आज नाय हं."

"आज तुझं बटन तुला लखलाभ," म्हनलं.

रांगेत माझा नंबर येईपर्यंत मला बायांचं बोलनं काय ऐकू आलं नाय. फॅट किती लागली ते बघितलं नाय. फोन जवळ व्हता, सुनंनं केला नाय, म्या केला नाय. म्हनलं व्हायचं ते तिकडं व्हऊन गेलं असंल. लेक गेला तवाबी मी ह्याच रांगेत व्हते. फोन आला, तरी म्या आधी दूध मापून दिलं, मंग गेले. लोकांनी त्यालाबी नाव ठिवलं. पन चरवी हातात घिऊन कुठं पळनार व्हते मी.

माघारी येताना शाळेपाशी पाय आपोआप हळू झाले. भिंतीच्या कडंला उभी राह्यले. आमच्या खोलीची खिडकी तिकडूनच. आतून तिचा आवाज येत व्हता, सरळ, लांब, न तुटता. कुन्या पोराला भागाकार समजत नव्हता, त्याला ती तिसऱ्यांदा तेच सांगत व्हती, रागावून. मधीच पोरगं काहीतरी बोललं आन ती हसली. शिकवताना हसलेली म्या आखाडापासून ऐकली नव्हती.

ओट्यावर भाऊ दुसऱ्या च्याची वाट बघत व्हता. मला म्हनला, "मावशी, आज लागलंय वाटतं नेट."

"लागलंय."

"पण ह्याचा काय भरवसा? उद्या परत गेलं तर?"

"पुन्यात मानसं भरवशावर राहत्यात का?" म्हनलं. त्यानं मोबाईल काढला.

आठला सून बाहेर आली. कानावर पट्ट्याचा वळ उठला व्हता. भावाच्या समोर पाटावर बसली. त्यानं तोंड उघडायच्या आत म्हनली, "मी नाही येत."

"ताई, तुझा हट्ट आहे हा. इथं तुझं आहे कोण?"

ती माझ्याकडं बघायला गेली नाय, हे मला लई बरं वाटलं. बघितलं असतं तर त्यानं म्हनलं असतं, सासूच्या धाकानं राह्यली.

"यायचं असेल तेव्हा मी स्वतः येईन. तुला फोन करून, एसटीनं. तू गाडी घेऊन न्यायला यायचं नाही. आणि त्या कंपनीनं उद्या पोरं काढली तरी दुसरी शोधीन, पण कुठून शोधायची ते मी ठरवीन."

"आणि नेट गेलं तर?"

"गेलं तर वर चढून बघीन. आता कुठं बघायचं असतं ते माहीत झालंय."

त्यानं पिकपकडं बघितलं. एवढ्या लांबून डिझेल जाळून रिकामी गाडी न्यायची म्हंजी मानसाला जड जातं. जेवला. पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतली, म्हंजी राग एवढा काय नव्हता. निघाला तवा म्या म्हनलं, थांब जरा, आन परसातली दोन डांगरं आन डुकरांनी ठिवलेल्या मकाची वीस कनसं ताडपत्रीखाली घातली. दोरखंड त्यानं आनलाच व्हता, सुनंनं गाठ मारली.